बारा चिठ्ठ्या आणि एक हेल्मेट

ऑफिसच्या ग्रुपवर काहीही सुचवायचं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही डिसेंबरातल्या एका सोमवारी, कामाचा कंटाळा आला म्हणून, मी लिहून बसले, "यंदा आपण सीक्रेट सँटा करायचं का?" यातला 'आपण' सगळ्यांनी बरोब्बर गाळून वाचला. दहा मिनिटांत नऊ अंगठे आले, लाल टोपीवाले दोन म्हातारे आले आणि पाठोपाठ साहेबांचा मेसेज आला : "छान कल्पना. मॅडम बघतीलच."

मॅडम म्हणजे मी.

वरून हा खेळ फार साधा दिसतो. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, प्रत्येकाने एक उचलायची, जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची. कोणी आणली ते सांगायचं नाही. जर्मनीत याला विख्टेल्न म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'आमिगो सेक्रेतो', म्हणजे गुप्त मित्र, आणि ऑस्ट्रेलियात क्रिस क्रिंगल. मला स्वतःला स्वीडनची जुनी पद्धत सर्वांत पटते. नाताळात एखाद्याचं दार ठोठवायचं, भेट आत भिरकावायची आणि कोणी ओळखायच्या आत पळत सुटायचं. यात चिठ्ठ्या नाहीत, ग्रुप नाही आणि मुख्य म्हणजे 'मॅडम' नाही.

आम्ही माणसं बारा. मी कोऱ्या कागदाच्या सारख्या बारा पट्ट्या कापल्या, एकाच पेनाने नावं लिहिली, प्रत्येक चिठ्ठीला चार घड्या घातल्या. चिठ्ठ्या कशात टाकायच्या यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलाने आपलं हेल्मेट पुढे केलं. हा मुलगा गणितात हुशार आहे. त्याची हुशारी मला नंतर फार महागात पडली, पण ते पुढे येईलच.

पहिल्या चौघांनी चिठ्ठ्या उचलल्या, वाचल्या, चेहरे कोरे ठेवून खिशात घातल्या. पाचवे आमचे हिशेबवाले काका. त्यांनी चिठ्ठी उघडली, चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "हे तर माझंच नाव आहे!"

"मग परत टाका ना काका, दुसरी घ्या," मी म्हणाले.

"नाही चालणार," हेल्मेटवाला म्हणाला. "आता सगळ्यांना कळलं ना, की काकांची चिठ्ठी अजून आत आहे. म्हणजे आधीच्या चौघांपैकी कोणीच त्यांचा सँटा नाही. गुप्तता गेली."

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. सगळ्यांच्या चिठ्ठ्या परत घेतल्या. दुसऱ्या फेरीत अकरा जणांचं सुरळीत पार पडलं आणि हेल्मेटच्या तळाशी माझ्यासाठी जी एक चिठ्ठी उरली, तिच्यावर माझंच नाव. तिसऱ्या फेरीत कोणीच ओरडलं नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. पण शेवटी एचआरची मुलगी पुढे आली, तर हेल्मेट रिकामं. बारा माणसं, अकरा चिठ्ठ्या. टेबलाखाली बघितलं, खुर्च्या सरकवल्या, काकांना खिसे उलटे करायला लावले. चिठ्ठी नाहीच.

ती दोन दिवसांनी सापडली, हेल्मेटच्या अस्तरात. डोक्याला काहीतरी टोचतंय म्हणून मुलाने अस्तर चाचपलं, तर आत साहेबांचं नाव. दोन दिवस पठ्ठ्या साहेबांना डोक्यावर घेऊन गावभर फिरत होता.

तिसरी फेरी अशी फसल्यावर या मुलाने मला बाजूला घेऊन समजावलं की हे होणारच होतं. पिएर रेमाँ द मोंमोर नावाच्या फ्रेंच गणितीने १७०८ साली पत्त्यांच्या एका खेळावरून हाच प्रश्न मांडला होता. बारा जणांत बारा चिठ्ठ्या वाटायचे एकूण प्रकार ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. त्यांपैकी कोणालाच स्वतःचं नाव येत नाही असे प्रकार १७ कोटी ६२ लाख १४ हजार ८४१. थोडक्यात, शंभरातल्या जवळजवळ ६३ वेळा कोणीतरी काका निघतोच. आणि गंमत म्हणजे बाराच्या जागी बाराशे माणसं घेतली तरी हा आकडा हलत नाही.

"मग हे तू पहिल्या फेरीआधी का नाही बोललास?"

"तुम्ही इतक्या छान घड्या घालत होतात ताई. म्हटलं, कशाला मोडता घाला."

यावर उपाय त्यानेच सुचवला. चिठ्ठ्या नकोतच. बारा नावांची एक यादी करायची, ती पिसायची आणि प्रत्येकाने यादीतल्या आपल्या खालच्या माणसाला भेट द्यायची. शेवटच्याने पहिल्याला. गोल पुरा होतो आणि स्वतःचं नाव स्वतःला येण्याचा प्रश्नच मिटतो. मी त्या रात्री यादी केली आणि एकेकाला खासगी मेसेज करून ज्याचं त्याचं नाव कळवलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. झोपायला गेले, आणि दिवा मालवल्यावर डोक्यात उजेड पडला, की आता कोणाचा सँटा कोण हे सगळंच्या सगळं मला माहीत आहे. गुपित अकरा जणांपासून ठेवायचं आणि ते ठेवणारी मी एकटी. माझा चित्रगुप्त झाला होता.

(यावरही तोड आहे, पण ती मला त्याच मुलाने जानेवारीत सांगितली. बारा कार्डं घ्यायची. प्रत्येकाच्या वरच्या अर्ध्यावर 'तुमचा क्रमांक' आणि खालच्या अर्ध्यावर 'भेट कोणाला' असं लिहून दोन्हीकडे तोच आकडा घालायचा. कार्डं पिसून पालथी, एका रांगेत मांडायची. मधोमध कापायची. खालचे तुकडे एकेक घर सरकवायचे, शेवटचा उचलून पहिल्याखाली ठेवायचा. जोड्या पाकिटांत घालून पाकिटं पिसायची, प्रत्येकाने एक उचलायचं आणि फळ्यावर आपल्या क्रमांकापुढे आपलं नाव लिहायचं. कोणाला स्वतःचं नाव येत नाही आणि कोणाचा कोण हे मांडणाऱ्यालासुद्धा कळत नाही. जानेवारीत सांगितली. असो.)

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलापाशी रीघ लागली. काहींना फक्त एवढंच हवं होतं, की "नाव नका सांगू, नुसतं हो की नाही सांगा." एकीने मला वीस प्रश्नांच्या खेळात अडकवून, मी सातव्या प्रश्नाला 'चष्मा' शब्दावर पापणी हलवली एवढ्यावरून, आपला सँटा ओळखला. मग तीच गाल फुगवून म्हणाली, "काय हे, आता मजाच गेली."

त्याहून कठीण मंडळी म्हणजे नाव बदलून मागणारी. एचआरच्या मुलीला काका आले होते. "त्यांना काय आणू मी? त्यांना काहीच आवडत नाही," असं ती म्हणाली, आणि त्यात तथ्य होतं. काकांना साहेब आले होते. "मॅडम, वर्षभर त्यांचीच सरबराई करतो. आता भेटपण मीच द्यायची?" यातही तथ्य होतं. मी म्हटलं, एवढंच ना? अदलाबदल करू. ती साहेबांना देईल, तुम्ही तिच्या वाट्याचं नाव घ्या. दोघं खूश. मीही खूश. रात्री अकरा वाजता फोन वाजला.

"मॅडम, तिच्या वाट्याचं नाव म्हणजे मीच की हो."

मी यादी काढून पाहिली. ती काकांना, काका साहेबांना. दोघांची अदलाबदल केली की ती साहेबांना आणि काका काकांना. हेल्मेटमधून सुटले ते यादीत येऊन अडकले. अदलाबदल रद्द केली, दोघंही नाराज झाले, आणि ही सगळी उलथापालथ माझ्या हट्टापायी झाली असं दोघांनीही स्वतंत्रपणे इतरांना सांगितलं.

मग खर्चाची मर्यादा. मर्यादा ठरवायला ग्रुपवर मतदान घेतलं, त्यात तीन पर्याय दिले आणि सगळ्यांत जास्त मतं कोणीतरी थट्टेने घातलेल्या चौथ्या पर्यायाला पडली. वेष्टनाचा कागद मर्यादेत धरायचा की वेगळा, यावर दीड दिवस गेला. काकांनी पावती जोडायची का ते विचारलं. गुप्त भेटीला पावती! जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली कॉलेजातल्या मुलांना विचारून हिशेब मांडला होता, की नाताळच्या भेटींना घेणाऱ्याच्या लेखी जी किंमत असते ती देणाऱ्याच्या खर्चापेक्षा कमी भरते, आणि दहावा हिस्सा ते एक तृतीयांश इतकं मोल असंच हवेत विरून जातं. या हिशेबात भेटी वाटून देणाऱ्या बाईचं काय काय विरतं ते धरलेलं नाही.

कोणाला काय हवं तेही विचारून ठेवलं होतं, म्हणजे सँटांची सोय. आठ जणांनी लिहिलं, "काहीही चालेल." काहीही चालेल म्हणणाऱ्या माणसाला काहीही चालत नाही, हे ज्याने एकदा भेट दिली आहे त्याला सांगावं लागत नाही. एकाने दुकानाच्या पानाची लिंक, रंग आणि माप दिलं. त्याला सगळे हसले. मला तो एकटाच शहाणा वाटला.

आणि कोणाला काय आणावं ते सुचलंच नाही, की मग? मग मग. कान धरायचा, पेय प्यायचा तो मग. बारांतल्या निम्म्या भेटींचा आकार एकच असणार हे मला आधीच दिसायला लागलं, कारण शेवटच्या आठवड्यात चौघांनी "तुम्ही दुकानात जाताच आहात तर माझंही आणाल का?" म्हणत आपली भेट माझ्याच गळ्यात बांधली. म्हणजे माझी धरून पाच भेटी मी निवडल्या, बांधल्या आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पाच वेगवेगळ्या वळणांत पाच नावं लिहिली. शाळेत माझं शुद्धलेखन इतक्या निष्ठेने कधी झालं नव्हतं.

माझा सँटा कोण, हे अर्थात मला माहीत होतं. हेल्मेटवाला. त्याचा मला आधारच वाटत होता. पोरगा हुशार आहे, विचार करून काहीतरी आणेल, असं मी स्वतःला सांगत होते. दोन-तीनदा त्याच्या देखत, सहज म्हणून, मला झाडांची आवड आहे असंही बोलून झालं. एकदा तर मी खिडकीतल्या कुंडीशी उगाचच बोलले.

आदल्या संध्याकाळी सात वाजता त्याचा मेसेज आला. "ताई, ताप भरलाय, उद्या येणं होणार नाही. माझ्याकडून भेट आणायची राहिली. तुम्ही काहीतरी बघाल का? पैसे लगेच पाठवतो. फक्त माझ्या वाट्याला जी आली आहे तिला कळू देऊ नका."

मी तो मेसेज तीनदा वाचला. तापात असेल, म्हणून सोडून दिलं. "काळजी घे. तिला नाही कळणार," असं उत्तर पाठवलं आणि चपला घातल्या.

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती. शटर अर्धं खाली. कुंड्या संपल्या होत्या. मालक किल्ल्यांचा जुडगा वाजवत माझ्या मागे उभा. समोरच्या फळीवर काय होतं ते सांगायला नकोच. घरी येऊन उरलेल्या कागदात तो गुंडाळला. कागद थोडा कमी पडला, बुडाशी निळा गोल उघडाच राहिला. मग डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, त्याच्यावर माझं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बारा भेटी मांडल्या. एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने सगळ्यांसमोर उघडायची, सगळ्यांनी 'अरे वा' म्हणायचं. साहेबांना डायरी मिळाली, त्यांच्या चेहऱ्यावर आधीच्या सगळ्या डायऱ्यांची आठवण दाटून आली. काकांना कोणीतरी मफलर दिला होता. काहीच न आवडणारा तो माणूस मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळून बसला, आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही. एचआरची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिची निवड होती ना.

शेवटी माझं नाव पुकारलं. मी 'मला काय बाई असेल' असा चेहरा केला, पाकीट कानाशी नेऊन हलवलं, कागद सावकाश सोडवला आणि म्हणाले, "अय्या, मग!"

कोणी 'अरे वा' म्हटलं नाही. ऐन वेळी बसते तशी ती शांतता बसली. मग काका मफलर सावरत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका मॅडम. पण ज्याने कोणी दिलाय, त्याने तुमचा काडीचाही विचार केलेला दिसत नाही."

"नसेल हो," मी म्हणाले, "बिचारीला वेळ मिळाला नसेल."

काकांनी मग उलटा करून बुडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बिचारीला?" ते म्हणाले.