कुठला मायामी?

डब्लिनला माझी घरी जायची बस पार्नेल स्क्वेअरवरून मिळते. ऑफिस सुटल्यावर तिथे दहा-पंधरा मिनिटं ताटकळणं ठरलेलं. चौकाच्या उत्तरेच्या अंगाला फुटपाथवर एक शिल्प आहे, दगड आणि ब्रॉन्झचं. नाव 'लेट्स डान्स'. त्यावर तीन नावं: फ्रॅन ओटूल, टोनी गेराटी, ब्रायन मॅकॉय. दोन वर्षं मी त्याच्यासमोरून जात-येत होते आणि ही माणसं कोण, हे बघायची तसदी घेतली नव्हती. नाचणारे कुणी असतील असं धरून चालले होते.

मग ते मायामी शोबँड नावाच्या जुन्या बँडचं स्मारक आहे असं कळलं, आणि एकदा शेजारच्या बाईंकडे विषय निघाला. बाई ऐंशीच्या पुढच्या. आपल्याकडे असत्या तर मी सरळ 'आजी' म्हटलं असतं. इथे नावाने हाक मारायची, आणि ते काही केल्या माझ्या जिभेवर येत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही, नुसती हसते. मी विचारलं, "ते मायामी शोबँडचं स्मारक आहे ना, तुम्ही कधी ऐकलं होतं का त्यांना?" त्यावर बाई म्हणाल्या, "कुठला मायामी?"

मला वाटलं, माझे उच्चार कळले नसतील. तसं नव्हतं. नाव एक आणि माणसं वेगवेगळी असे दोन-तीन मायामी त्यांनी ऐकले होते आणि मी कोणत्या मायामीबद्दल विचारतेय हे त्यांना हवं होतं. त्या प्रश्नाने मला पुढचे काही महिने कामाला लावलं. त्यातून जे डोक्यात बसलं ते आज लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

आधी शोबँड म्हणजे काय ते. आपल्या ऑर्केस्ट्राची आठवण काढा. गणपतीत किंवा जत्रेत यायचा तो, एक जण किशोर, एक जण रफी, एक लता-आशा दोन्ही, आणि मधूनच मिमिक्री. शोबँड त्याच जातकुळीतला, फक्त समोरचं पब्लिक बसलेलं नसून नाचणारं. सात-आठ जण, एकसारखे सूट, पुढे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन-सॅक्सोफोन, त्यांच्या जोडीला गिटार, बास, ड्रम आणि गाणारा. रेडिओवर जे चालू असेल ते वाजवायचं: एल्व्हिस, कंट्री, आयरिश गाणी, विनोदी नकला, सगळं. तीन गाणी धावती, मग तीन संथ, आणि हे चार-चार तास. १९५० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रबॅन गावच्या क्लिपर कार्लटन बँडने पहिल्यांदा खुर्च्या हटवल्या. तोपर्यंत वादक बसून, समोर नोटेशनचे कागद ठेवून वाजवायचे. हे उभे राहिले, हलू लागले, आणि बघता बघता देशभर शेकडो बँड उभे राहिले. अक्षरशः उभेच.

हॉलमध्ये दारू नाही. चहा आणि लेमोनेड. मुली एका भिंतीला, मुलगे समोरच्या, मधे मोकळी फरशी, आणि ती ओलांडून जाऊन विचारायचं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला लायसन्स लागायचं आणि पाद्रीबाबांची नजर असायची ती वेगळीच. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत नाच बंद, म्हणजे चातुर्मासात लग्नं बंद तसं. मग बँड इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तिथल्या आयरिश कामगारांसाठी वाजवायचे. धंदा म्हणून हे केवढं मोठं होतं? डान्स हॉल्सची साखळी चालवून पैसे मिळवलेला एक जण, अल्बर्ट रेनॉल्ड्स, १९९२ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. वॉटरफर्डचा रॉयल शोबँड १९६२ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलला वाजवायला गेला, तेव्हा त्यांच्या आधी स्टेजवर चढलेल्या लोकल पोरांच्या बँडचं नाव बीटल्स होतं.

आता मायामी. १९६२ चा बँड, डब्लिनचा. नावाचा फ्लोरिडाशी संबंध नाही, डब्लिनमधल्या 'पाम्स ऑफ मायामी' नावाच्या डान्स हॉलवरून ते घेतलं. मॅनेजर टॉम डोहर्टी. पहिला गायक जिमी हार्ट. हे नाव आज इथे कुणाला विचारून बघा, कपाळावर आठ्या येतील. कारण थोड्याच दिवसांत त्याच्या जागी आला डिकी रॉक. डब्लिनच्या काब्रा भागातला, हातावर वेल्डिंगचं काम असलेला पोरगा, आणि पुढची दहा वर्षं मायामी म्हणजे डिकी. सात गाणी आयरिश चार्टवर एक नंबरला गेली. बायका ओरडायच्या, "डिकी, थुंक माझ्यावर!" मी हे वाचलं तेव्हा छापताना चूक झाली असेल असं वाटलं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाही ओरडले. बहीण ओरडली."

१९६६ ला डिकी लक्झेंबर्गला युरोव्हिजनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत गायला आणि चौथा आला. त्याच्या आदल्या वर्षी आयर्लंडने पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा कॅपिटल शोबँडचा बुच मूर गेला होता, पुढल्या वर्षी होडाउनर्सचा शॉन डन्फी जाऊन दुसरा आला. म्हणजे या स्पर्धेत देशाचे पहिले तिन्ही गायक शोबँडमधून आलेले. तरी नंतरच्या रॉक संगीतवाल्यांनी शोबँडला 'कॉपी बँड' म्हणून नाकं मुरडली ती मुरडलीच. अहो, पुढे नाव काढलेला गायक व्हॅन मॉरिसन मोनार्क्स शोबँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत होता, गिटारवाला रोरी गॅलाघर पंधराव्या वर्षी फोन्टाना शोबँडमध्ये गिटार धरून उभा होता. कॉपी करता करताच हात बसतो. आमच्या गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या दादाला पाहून मोठी झालेली मी, मला या नाक मुरडण्याचा राग येतो. पण ते असो, ही वेगळी पोस्ट होईल.

१९६७ मध्ये मायामी फुटला. जुन्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी 'द सँड्स' नावाचा नवा बँड काढला. नाव आणि डिकी मागे राहिले. आता सांगा, मायामी कोण? एकत्र घाम गाळलेले ते, की पोस्टरवरचं नाव घेऊन राहिलेला हा? तमाशाच्या फडात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. फडाचं नाव चालतं, ढोलकीवाला दुसऱ्या तंबूत जातो, आणि गावात पत्रक लागतं ते नावाचंच. पब्लिकनेही इथे नावालाच तिकीट काढलं. नवी माणसं आली: ब्रेचा फ्रॅन ओटूल कीबोर्डवर, बेलफास्टचा डेस ली सॅक्सोफोनवर, टायरोन परगण्यातला ब्रायन मॅकॉय ट्रम्पेटवर. १९७२ मध्ये डिकीसुद्धा सोडून गेला, आणि लोकांनी मायामी संपला असं म्हणायला सुरुवात केली. संपला नाही. फ्रॅन पुढे येऊन गायला लागला.

मला या सगळ्यात अडकायला झालं ते बासवाल्यापाशी. 'बासवाल्याची खुर्ची' म्हणायचा मोह होतो, पण खुर्ची तर शोबँडने केव्हाच काढून टाकली होती. जागा म्हणू. त्या जागेवर आधी पॉल ॲशफर्ड होता. ब्रिटनच्या अमलाखालच्या उत्तर आयर्लंडात तेव्हा बॉम्ब आणि गोळीबार रोजचे झाले होते, आणि तिकडे वाजवायला जाणं आपल्या सगळ्यांच्या जिवावर बेतेल, अशी तक्रार तो करत राहिला म्हणून त्याला निघायला सांगितलं, असं सांगतात. त्याच्या जागी जॉनी ब्राऊन आला. मग डेव्ह मंक्स. मग १९७५ च्या उन्हाळ्यात टिपररीच्या कॅरिक-ऑन-शूर गावचा स्टीफन ट्रॅव्हर्स. ३१ जुलैला त्याला बँडमध्ये येऊन काही आठवडेच झाले होते.

त्या रात्री ते उत्तरेतल्या बॅनब्रिजच्या कॅसल बॉलरूममध्ये वाजवून डब्लिनला परत निघाले. ड्रमर रे मिलर उत्तरेतला, तो आपल्या गाडीने अँट्रिमला घरी गेला. सामानाची गाडी पुढे गेलेली. मिनीबसमध्ये पाच जण. न्यूरीच्या अलीकडे बस्कहिलला मध्यरात्री अडीचच्या सुमारास लाल दिवा हलला, सैनिकी वर्दीतली माणसं, चेकपोस्ट. असे चेकपोस्ट रोजचे. पाचही जण खाली उतरून खड्ड्याकडे तोंड करून रांगेत उभे राहिले, थट्टामस्करी चालू होती. एक जण इंग्रजी साहेबी उच्चारात हुकूम देत होता, असं वाचलेल्या दोघांनी पुढे सांगितलं. तो आवाज ऐकून मॅकॉयने ट्रॅव्हर्सला धीर दिला की ब्रिटिश आर्मी आहे, काळजी नको. मागे कुणीतरी गाडीत खुडबुड करत होतं. ट्रॅव्हर्स आपल्या बास गिटारला काही होऊ नये म्हणून बघायला गेला, तर त्याला ढकलून पुन्हा रांगेत उभं केलं.

ती माणसं अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स या ब्रिटनच्या बाजूच्या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेची होती, त्यांतले काही ब्रिटिश लष्कराच्या अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटमध्ये खरोखर नोकरीला होते. गाडीत बॉम्ब ठेवत होते. तो नंतर, गाडी पुढे गेल्यावर फुटायचा होता. म्हणजे जगाने म्हणायचं, बघा, बँडवालेच आयआरएचे, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, बॉम्ब वाहत होते. बॉम्ब हातातच फुटला, ठेवणारे दोघे जागीच गेले, आणि उरलेल्यांनी रांगेतल्या पाच जणांवर गोळ्या झाडल्या. फ्रॅन, टोनी आणि ब्रायन मेले. ट्रॅव्हर्सच्या शरीरात गोळी फुटून पसरली, मेल्यासारखा पडून राहिला म्हणून वाचला. डेस लीही तसाच वाचला आणि रस्त्यावर जाऊन मदत आणली.

मारले गेलेल्यांत मॅकॉय प्रोटेस्टंट होता, घर ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेतल्या माणसांचं. मिलरही प्रोटेस्टंट. बाकीचे कॅथलिक. बँडमध्ये ते कुणी मोजत नव्हतं, ट्रम्पेट सुरात आहे की नाही एवढं बघत होतं. मला बॉम्बपेक्षा त्या बेताची चीड जास्त येते. जीव घेऊन भागणार नव्हतं, बँडचं नावही काळं करायचं होतं. ज्या नावासाठी तेरा वर्षं माणसं आली-गेली, ते नाव.

त्याच आठवड्यात, दोन दिवस आधी, रॉयलचा टॉम डन्फी मोटार अपघातात गेला होता. या धंद्याचा सगळा पैसा रात्रीच्या रस्त्यावरूनच यायचा. बस्कहिलनंतर दक्षिणेतल्या बँडनी उत्तरेत जाणं जवळजवळ सोडलं. शोबँडची पडझड आधीच सुरू झाली होती, डिस्को आले होते, बार असलेली हॉटेलं नाचाला जागा देत होती. लेमोनेड पिऊन कोण नाचणार?

खटल्यांचं थोडक्यात: तिघांना जन्मठेप झाली, दोघांना १९७६ मध्ये, एकाला १९८१ मध्ये. २०११ च्या तपास अहवालाने पोलीस आणि हल्लेखोरांच्या संगनमताबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये वाचलेल्यांनी आणि वारसांनी जवळपास १५ लाख पौंडांवर दावा मिटवला. ट्रॅव्हर्सला तो लढायचा होता, पण ब्रिटिश सरकार असले जुने दावेच बंद करायचा कायदा आणायला निघालं होतं.

आता माझं म्हणणं. मायामीचा इतिहास दोनच पद्धतीने सांगितला जातो. जुनी माणसं सांगतात तो डिकी रॉकचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हा सगळीकडे तेच होतं, आणि बरोबरच होतं. बाकीचे सांगतात तो त्या रात्रीचा. दोन्हींत मधली माणसं गळतात. १९६७ च्या फुटीनंतर दुसऱ्याच्या सुटाचं माप घेऊन आलेले, डिकीची गाणी डिकी नसताना ऐकवणारे आणि "तो पहिला बरा होता" हे रोज रात्री ऐकणारे. बँड तेरा वर्षं टिकला तो या बदली माणसांवर. जिमी हार्टच्या जागी डिकी आला तेव्हा तोही बदलीच होता की! आणि हत्याकांडानंतरसुद्धा ट्रॅव्हर्स, ली आणि मिलर नवीन माणसं घेऊन त्याच नावाने स्टेजवर चढले. कुणाच्या जागेवर आपण उभे आहोत हे माहीत असताना पहिल्या रात्री त्या नव्या पोरांनी गिटार कशी हातात घेतली असेल, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

बाईंकडे एक फोटो-कार्ड आहे. बँडवाले सह्या करून वाटायचे तसलं, कोपरे मुडपलेलं, १९६४ च्या आसपासचं. त्यातला एकही माणूस बस्कहिलच्या गाडीत नव्हता. "हा माझा मायामी," त्या म्हणाल्या, आणि बोट ठेवत नावं सांगायला लागल्या. ट्रम्पेटवाला, ट्रॉम्बोनवाला, ड्रमवाला, डिकी. डिकीवर बोट जरा जास्त रेंगाळलं. शेवटी एकावर येऊन थांबल्या. चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ नेलं, खिडकीपाशी नेलं, परत आणलं.

"हा... हा बास वाजवायचा," त्या म्हणाल्या.