आजोबा काचेला चिकटलेत

संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात काम करतो म्हटलं की समोरचा आधी माझ्या गळ्याकडे बघतो. तिथे कॅमेरा नसतो. "म्हणजे तुम्ही फोटो काढत नाही?" नाही, दुसऱ्यांनी काढलेले सांभाळतो. "एवढंच?" हो, एवढंच. फोटोंना तीन गोष्टींपासून वाचवायचं: पाणी, उजेड आणि नातेवाईक. पहिल्या दोघांवर यंत्रं निघाली आहेत.

मुंबईत जुलै लागला की विभागाच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फ्रेमा येऊ लागतात. बाहेर हवेत 85 टक्के आर्द्रता. घडी उलगडायच्या आधीच पुढचं वाक्य मला पाठ असतं, "आजोबा काचेला चिकटलेत, जरा सोडवून द्या ना."

आजोबा सुटत नाहीत. फोटोवरचा जिलेटिनचा थर म्हणजे स्वयंपाकघरातल्या जेलीचा सख्खा भाऊ. दमट हवेत तो पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि अंगाला लागलेल्या काचेला मिठी मारतो. चिकटलेल्या जागी काचेतून चकचकीत डाग दिसतात. फोटो ओढला तर कागद तुमच्या हातात आणि आजोबांचं नाक काचेवर. वाफ दिली तर थर आणखी मऊ होतो, हेअर ड्रायर मारला तर तडकतो. तेव्हा काचेसकट राहू द्यायचं आणि काचेतूनच फोटो घ्यायचा. दोन दिवे दोन बाजूंनी 45 अंशांत लावायचे आणि कॅमेऱ्यासमोर काळं कापड धरून भिंगापुरतं भोक ठेवायचं, म्हणजे आजोबांच्या पोटावर तुमचं प्रतिबिंब पडत नाही. मुळात फ्रेम करतानाच काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी हवी होती, तीन-चार मिलिमीटरची. पण फ्रेमवाला म्हणतो, त्याने फोटो लहान दिसतो.

मग विषय भिंतीवर येतो. "आम्ही त्यांना अगदी मानाच्या जागी लावलं होतं." मानाची जागा म्हणजे हमखास बाल्कनीसमोरची भिंत. एकोणिसाव्या शतकातला फोटो आम्ही प्रदर्शनात लावतो तेव्हा 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड देतो, तोही फार तर तीन महिने. प्रेक्षक अंधारात चाचपडत तक्रारवहीत "दिवे लावा" असं लिहून जातात. दिवसाला आठ तास धरले तर 90 दिवसांचे होतात 36,000 लक्स-तास. थेट उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स. म्हणजे आमच्या अख्ख्या प्रदर्शनाचा हिशेब मानाच्या जागी बावीस मिनिटांत चुकता होतो. वर अतिनील किरण फुकट.

ऊन कमी पडलं तर लॅमिनेशन असतंच. गरम रुळातून एकदा गेलेला फोटो परत आणता येत नाही. सेलोटेपचं तसं नाही, तो काही वर्षांनी आपणहून गळून पडतो. मागे पिवळा डिंक ठेवून जातो इतकंच. ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम आठवतात? वरचं प्लास्टिक उचललं की चर्र आवाज यायचा. त्यातले फोटो काढायला दात साफ करायचा दोरा वापरावा. फोटोमागून सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्यायचा. फोटो वाकवायचा नाही. पूर्ण लग्न सोडवायला तीन-चार दिवस लागतात. (लग्न जमवायलाही इतकेच लागले होते, असं काही जण सांगतात.)

आता थोडं नाजूक प्रकरण. आजोबा कडक सोवळ्यातले, कांदासुद्धा न खाणारे. पण त्यांचे वडील ज्या पिवळसर, तकतकीत फोटोत बसलेत तो बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट असतो. 1850 मध्ये ब्लाँकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थाने ही युक्ती काढली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभरचे फोटो अंड्याच्या पांढऱ्या भागावर उमटले. पुढे जिलेटिन आलं, तेही जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढलेलं. ओळखायला तीसपट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कागदाचे तंतू स्वच्छ दिसले तर अंडं. तंतू झाकलेले आणि काळ्या भागांवर, कडेकडेने निळसर आरशासारखी चमक आलेली असली तर हाडं. ही चमक म्हणजे वर येऊन बसलेली चांदी. ती पुसायची नाही, ती त्या आजोबांचीच आहे. आणि ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर तो फोटोच नाही, कुठल्या तरी कॅलेंडरातून कापलेलं चित्र आहे. हे शेवटचं सांगायला मी शिपायाला पाठवतो.

एवढं झाल्यावर आवाज खाली येतो, "हा राजा दीनदयाळांनी काढलेला आहे बरं का." मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तेव्हा कॅमेरा घेऊन फिरत होते, हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ होता. पण घराघरांतले सगळे फोटो काढले ते त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एक असलेल्या दीनदयाळांनी. त्यांनी 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला, 1905 मध्ये ते वारले. पुठ्ठ्यावर त्यांचा शिक्का नाही, आणि पणजोबांच्या टेबलावर ट्रान्झिस्टर आहे. हे मी सांगत नाही. भिंग त्यांच्या हातात देतो आणि पाणी प्यायला जातो.

निगेटिव्ह येतात त्या श्रीखंडाच्या डब्यात. झाकण घट्ट, वर डांबराची गोळी. उघडल्यावर श्रीखंडाचा नाही, व्हिनेगरचा वास येतो. अ‍ॅसिटेट फिल्म कुजताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते, त्या आम्लाने ती आणखी कुजते आणि शेजारणींनाही लागण होते. घट्ट झाकण म्हणजे या घरगुती भांडणावर लावलेली कडी. आम्ल ओळखणारी चाचणीची निळी पट्टी दिवसभर आत ठेवली की आधी हिरवी, मग पिवळी होते. पिवळी झाली तर लगेच स्कॅन करून घ्यायचं. वेफरसारखी वळलेली फिल्म सरळ करायचा हट्ट धरायचा नाही.

हे सगळं मी निळे नायट्राइल रबराचे हातमोजे घालून करतो आणि पाहुण्यांचा विरस होतो. त्यांना टीव्हीतले पांढरे सुती हवे असतात. सुती मोज्याचा धागा सुटलेल्या पापुद्र्यात अडकतो, शिवाय पकड सुटते.

शेवटी मी फोटो उलटा करतो. खरं तर मला पाठच जास्त आवडते. पुढे सगळे पगडी घालून गप्प असतात, बोलते ती पाठ. तिथे बॉलपेनने, पुढून चेहऱ्यांवर उठेल इतका जोर देऊन लिहिलेलं असतं : "आम्ही सगळे, महाबळेश्वर." पेन्सिल हवी होती, मऊ, 2बी, तीही कडेला. पण ते सोडा. आम्ही सगळे म्हणजे कोण? नोंदवहीत मला लिहावं लागतं : पुरुष पाच, स्त्रिया दोन, कुत्रा एक. कुत्र्याचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं.

"बाकीच्यांचं बेबीआत्याला विचारावं लागेल. तिचं वय झालंय, नव्वदीपुढे आहे, पण तिला सगळं आठवतं."

मी फ्रेम पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो. आजोबा कुठे जात नाहीत, ते चिकटलेले आहेत. आधी आत्याला फोन लावा.