नखांवर जाऊ नका
पायाच्या ठशांवरून प्राणी ओळखण्याबद्दलच्या लेखात 'ठशात नखं नाहीत म्हणजे बिबट्या' असं दिलंय, पण तेवढ्यावर विसंबू नका. आम्ही जुन्नरकडचे. उसाला पाणी सोडलं की बांधावर चिखल होतो. तिथं पाय घसरला तर बिबट्याचीही नखं उमटतात, आणि टणक मातीत कुत्र्याची दिसत नाहीत. त्यापेक्षा तळव्याची मागची कड बघा. बिबट्याच्या तळव्याला मागे तीन फुगवटे, कुत्र्याचा तळवा त्रिकोणी. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे, आणि विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी. हाडं खातं ना! मागे एकदा 'वाघरू आलं' म्हणून रात्रभर गावात फोन फिरले. सकाळी बॅटरीशिवाय नीट बघितलं, तर ठसे शेजारच्या मोत्याचे.