निवडणूक जिंकावी कशी? (तिबिलिसी पद्धत)

आमच्या सोसायटीतले एक काका नुकतेच रशियाशेजारचा जॉर्जिया देश (राजधानी तिबिलिसी) फिरून आले. बर्फाचे, वाइनचे, खाचापुरीचे फोटो ग्रुपवर टाकून झाले आणि मग आलं विश्लेषण: 'तिथल्या जनतेने सत्ताधारी पक्षाला 54 टक्के मतं देऊन कौल दिलाय. हरलेले रडतात आणि रस्ते अडवतात. आमची बस तासभर खोळंबली!' खाली अंगठ्यांची रांग. पद्धत एवढ्या जणांना पटलीच आहे, तर नीट लिहून ठेवू. कुणाच्या तरी कामी येईल.

आधी एक अब्जाधीश गाठा. बिदझिना इवानिश्विलींनी पैसा रशियात कमावला, 'जॉर्जियन ड्रीम' हा सत्ताधारी पक्ष स्वतः काढला आणि आता पद फक्त मानद अध्यक्षाचं. शिव्या पंतप्रधान खातो.

पोस्टरवर हात आखडता घेऊ नका. एका बाजूला युक्रेनमधली बेचिराख इमारत, दुसऱ्या बाजूला आपला रंगीत, सुखी देश आणि आपला मतपत्रिकेवरचा क्रमांक 41. ज्यांनी रशियाशी झालेलं 2008 चं युद्ध पाहिलंय त्यांना जास्त समजवावं लागत नाही.

प्रचारात युरोपचा झेंडा असू द्या. निकालानंतर तो लागत नाही.

परदेशात पोटासाठी गेलेल्यांना मतदान केंद्रं मोजकीच द्या.

आता मुख्य काम. मतदान गुप्तच ठेवायचं, फक्त शाई जरा जाड हवी. 26 ऑक्टोबर 2024 ला मतदारांच्या हातात मार्कर दिले. गोल भरला की शाई कागदाच्या पाठीवर उमटायची. पत्रिका यंत्रात सरकवताना ठिपका वर आहे की खाली, हे शेजारी उभ्या माणसाला दिसायचं. आत कॅमेरा, बाहेर यादी घेऊन बसलेला पक्षाचा माणूस. सरकारी शाळेत नोकरी करणाऱ्या बाईने अशा वेळी कुठला गोल भरायचा, सांगा ना! तेत्रित्सकारोच्या न्यायाधीशाने गुप्ततेचा भंग झाला असा निकाल दिला. अपील कोर्टाने तो फिरवला. मार्नेउलीत मतपत्रिकांचा गठ्ठा कोंबतानाचा व्हिडिओ आला, तर त्या एका केंद्राचा निकाल रद्द केला. झाला देश स्वच्छ!

अभिनंदनाला एक ओर्बान (हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान) तयार ठेवा.

राष्ट्राध्यक्ष झुराबिश्विली निकाल मानत नाहीत? मग पुढचा राष्ट्राध्यक्ष माजी फुटबॉलपटू आणा. उमेदवार एकच ठेवला की मोजणीही सोपी जाते.

आणि 28 नोव्हेंबरला, मतदानाला जेमतेम महिना झालेला असताना, जाहीर करा की युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी 2028 संपेपर्यंत बंद. लोक चिडून संसदेसमोरच्या रुस्तावेली रस्त्यावर आले, की भर थंडीत पाण्याचे फवारे आहेतच. पत्रकारांना बडवायला तोंड झाकलेली माणसं आहेत. रस्ता अडवल्याचा दंड 500 लारीवरून (तिथलं चलन) 5000 करता येतो. मझिया अमाग्लोबेली या पत्रकार बाईंनी पोलीसप्रमुखाला एक थोबाडीत दिली, तर दोन वर्षं तुरुंगवास. पत्रकारांना मारणारे ते बुरखेवाले कुठे आहेत, ते मात्र विचारू नका.

काका, पुरे झालं. हे लोक वर्ष उलटलं तरी रोज संध्याकाळी तिथे येऊन उभे राहत होते. रडायला नव्हे. नोकरी जाईल, दंड बसेल, पोरगं आत जाईल, हे माहीत असूनही. तुम्हाला त्यातलं काय दिसलं? खोळंबलेली बस. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे एमबीबीएस करताहेत. एखाद्याला फोन लावायचा होतात, नाहीतर तुमच्या गाइडला तरी विचारायचं होतंत, तो तिथलाच मतदार आहे. 54 चा आकडा वाचता आला, मग तो कसा आला ते वाचायला काय धाड भरली होती?