इलेक्ट्रिक पिकअपची वाट कशी पाहावी

घाई नको. ज्यांना उद्या सकाळी विटा-सिमेंट वाहायचंय त्यांनी पेट्रोलची जुनी पिकअप घ्यावी आणि कामाला लागावं. हा सल्ला अमेरिकेतल्या त्या चोखंदळ ग्राहकाला, ज्याला 'वर्षाअखेरीस येणारी' इलेक्ट्रिक पिकअपच हवी आहे.

आधी शंभर डॉलर ठेव भरा. ती परत मिळते. तिच्यावर ट्रक मिळत नाही, किंमतही पक्की होत नाही. मिळते ती रांगेतली जागा. मग रंग कोणता घ्यायचा यावरून घरात भांडा. बाजारात तुरी असतानाच भट भटणीला मारू शकतो, नंतर ती मजा राहत नाही. टेस्लाच्या सायबरट्रकवाल्यांना मात्र हेही सुख नव्हतं, तो रंगाशिवायच येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो दाखवला तेव्हा न फुटणारी काच मंचावरच फुटली, पण ठेवी थांबल्या नाहीत. किंमत ३९,९०० डॉलरपासून, उत्पादन २०२१ च्या अखेरीस, सर्वात महागड्या मॉडेलची रेंज, म्हणजे एका चार्जवरचा पल्ला, ५०० मैलांच्या वर, असा वायदा होता. पहिल्या गाड्या हाती पडल्या ३० नोव्हेंबर २०२३ ला. दोन मोटरच्या मॉडेलची किंमत ७९,९९० डॉलर, रेंज ३४० मैल. उरलेल्या मैलांसाठी हौद्यात बसणारी जादा बॅटरी येणार होती. ती हौद्याचा साधारण तिसरा हिस्सा खाणार होती. २०२५ मध्ये तीही रद्द झाली. हौदा तेवढा वाचला.

किंमत उतरण्याचीही वाट पाहा. फोर्डच्या लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचं कामाचं साधं मॉडेल मे २०२१ मध्ये ३९,९७४ डॉलरला जाहीर झालं. २०२३ च्या वसंतात ते ५९,९७४ झालं आणि जुलैत ४९,९९५ वर आलं. म्हणजे जे थांबले त्यांचे दहा हजार वाचले, आणि जे आणखी थांबले त्यांची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत गेली, कारण ती ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. त्या तारखेपर्यंत खरेदीचा बंधनकारक करार आणि काही रक्कम भरलेली हवी होती. रांगेतली जागा म्हणजे करार नव्हे.

गॅरेजच्या वायरिंगला इतक्यात हात लावू नका. ट्रक दारात उभा राहिला की वरातीमागून घोडं येईलच. तोवर भिंतीतला साधा १२० व्होल्टचा सॉकेट आहे: १२ अँपिअर, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॉट. लाइटनिंगच्या मोठ्या, १३१ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला त्यावर जवळपास चार दिवस लागतात, तेही गळती न धरता. चार्जिंगसारखा तासन्‌तास सलग चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणून २४० व्होल्टवर ४८ अँपिअरच्या चार्जरला ६० चा ब्रेकर लागतो. हा चार्जर ११.५ किलोवॉट देतो आणि रात्रभरात काम उरकतं. तुम्ही अर्थातच ८० अँपिअरचा घ्या. त्याला १०० चा ब्रेकर लागतो, आणि जुन्या घरात अख्खं पॅनेलच १०० चं असतं. मग भाराचा हिशेब, नवं पॅनेल, परवाना, तपासनीस, वीज कंपनीची तारीख असा आणखी एक प्रतीक्षाकाळ फुकटात पदरात पडतो.

पैसे वाचवायचेच असतील तर ५० अँपिअरचा सर्वात स्वस्त सॉकेट आणा, शेगडीसाठी बनवलेला. शेगडी थोडा वेळ तापते आणि बंद होते. ट्रक रात्रभर ४० अँपिअर ओढतो. तारेचा स्क्रू अंदाजाने आवळा, नेमक्या जोराने आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, वगैरे चोचले नकोत. सैल जोडावर विरोध वाढतो, जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एका सकाळी प्लगच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसतं. भेकड लोक सॉकेटच टाळतात आणि चार्जर थेट तारेने जोडून घेतात.

ट्रेलर ओढायचा असेल तर जाहिरातीतल्या ३०० मैलांवरच बेत आखा. मागे उंच, चौकोनी ट्रेलर लागला की निम्मे उरतात. हमरस्त्यावर वजनापेक्षा हवेचा विरोध जास्त खातो. त्यात फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावतं, आणि १० टक्क्यांखाली जायची छाती होत नाही. राहिले १०५ मैल. चार्जरपुढच्या जागा बहुतेक ठिकाणी समोरून बंद असतात, म्हणून दर थांब्यावर ट्रेलर सोडा, ट्रक आत घाला, बाहेर काढा, ट्रेलर जोडा. व्यायाम होतो.

एवढं सगळं नको असेल तर स्लेट या नव्या कंपनीची साधी इलेक्ट्रिक पिकअप आहे: रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या, ठेव ५० डॉलर. एप्रिल २०२५ मध्ये करसवलत धरून वीस हजारांच्या आत म्हणाले होते. सवलतीचं काय झालं ते वर आलंच आहे.

आणि लाइटनिंगसाठीच थांबला असाल तर थांबण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या लाइटनिंगमध्ये बॅटरी भरायला पेट्रोलवर चालणारा जनरेटर असेल. टाकीचं झाकण डाव्या बाजूला हवं की उजव्या, यावर घरात चर्चा सुरू करायला हरकत नाही.