'शुगर पण करून टाकूया'

गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. गोळ्या लिहून झाल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ खरडली. "चाळिशी उलटली ना? शुगर पण करून टाकूया." मी म्हटलं, बरं. बाही वर केली, सुई टोचून घेतली, कापूस दाबून बाहेर बसले. दोन दिवसांनी कागद हातात आला : एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ६.१, शेजारी वर तोंड केलेला बाण. घरी पोचेपर्यंत तो बाण मी चारदा पाहिला.

६.५ पासून मधुमेह. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. पण हा काठसुद्धा सगळीकडे एक नाही, काही ठिकाणी तो ६.० पासून मोजतात. म्हणजे ५.८ वाली बाई इकडे 'प्रीडायबेटिक' आणि तिकडे ठणठणीत! त्यात अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवूही शकतो. सुई टोचण्याआधी यातलं अवाक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं.

तपासणीवर माझा राग नाही. मधुमेह वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि तोवर डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा पोखरत राहतो, हे मलाही कळतं. माझा आक्षेप त्या 'टाकूया'ला आहे. रक्त माझं, आकडा माझा, पुढची काळजी आयुष्यभर माझ्या डोक्याला, आणि ठरवलं कुणी?

माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. ती फाडकन म्हणाली, "दोन्ही बाजू सांगत बसलो तर लोक येणारच नाहीत."

मलाही आधी तसंच वाटायचं. पण इंग्लंडमध्ये हे करून पाहिलंय. २०१० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मधुमेहाचा धोका असलेल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचं 'तपासणीला या' पत्र, निम्म्यांना फायदे-तोटे दोन्ही मांडलेलं पत्र. नेहमीच्या पत्रावर ५७.६ टक्के आले, दुसऱ्यावर ५५.८. एवढाच फरक! दांडी मारणारे जास्त होते ते गरीब वस्त्यांतले, आणि पत्र कुठलंही असो. म्हणजे लोकांना खरं बोलणं अडवत नाही. कामावरची रजा अडवत असेल, मला तरी तसंच वाटतं.

मग खरं ते सगळंच सांगा की. केंब्रिजच्या आसपास सुमारे वीस हजार जोखमीच्या लोकांवर दहाएक वर्षं नजर ठेवली, तेव्हा तपासणीला बोलावलेल्यांत मृत्यूंचं प्रमाण काही कमी निघालं नाही. हे सांगा. आणि काठावरच्या माणसाने थोडं वजन उतरवलं, आठवड्याला अडीच तास चाललं तर मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी, हे २००२ पासून माहीत आहे, तेही सांगा. मला मिळालेला सल्ला दोन शब्दांचा : "गोड बंद."

हे सगळं आधी कळलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. बहुतेक.

परवा पुन्हा तपासणीला गेले. बाही वर करण्याआधी विचारलं, "परत काठावरच आला तर पुढे काय?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली. चांगली पाच मिनिटं बोलले. बाहेर रांग खोळंबली होती, त्याबद्दल रांगेतल्यांची माफी.