तो करंडक पुण्याचा नव्हे

हैदराबादने २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा जिंकली ती ‘आपल्याच संघाने’, असा मेसेज पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमला सामने पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ते खरं नाही. आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये आपली एफसी पुणे सिटी बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. मार्सेलिन्हो, आदिल खान, निखिल पुजारी हे खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले हे बरोबर. पण आशिक कुरुनियन बेंगळुरूला गेला, आणि माझ्या मते त्याचंच जाणं सर्वांत जिव्हारी लागणारं होतं. शिवाय पहिल्या मोसमात हैदराबाद तळाला होतं. करंडक आला नंतरचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या नव्या बांधणीतून, स्ट्रायकर ओगबेचेच्या गोलांवर. त्या विजेत्या संघातला निखिल मात्र आपला!